६८००० च्या बोर्डावर आधी बस टाइमआउट, मग इंटरप्ट, शेवटी टायमर

६८००० या प्रोसेसरवर स्वतःचा बोर्ड बांधणारे बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. रॉम आणि रॅम जोडतात, सिरियल पोर्टवर पहिलं अक्षर उमटवतात, मग टायमर चालू करतात, मग इंटरप्टच्या, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला हातातलं काम थांबवून बोलावण्याच्या, मागे लागतात. बस टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर प्रोसेसरला तसं कळवणारी जोडणी, मात्र 'नंतर बघू' म्हणत राहूनच जातो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. टाइमआउट नसलेला बोर्ड अडला की काहीच सांगत नाही. पॉवरचा दिवा लागलेला, टर्मिनल गप्प, आणि आपण मल्टिमीटर घेऊन एकेक वायर तपासत बसायचं. तोच बोर्ड आठ मायक्रोसेकंदांत 'या पत्त्यावर मला कोणी उत्तर दिलं नाही' असं सांगू शकतो, आणि त्याला लागतात फक्त दोन स्वस्त चिप.

पुढची कृती ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ६८००० साठी आहे. ६४ पायांची जुनी चिप असो की नंतरची सीमॉस ६८एचसी०००, जोडणी तीच. सोबत ६८६८१ हा ड्युआर्ट धरला आहे. त्यात दोन सिरियल पोर्ट आणि एक १६ बिटांचा टायमर असतो, त्यामुळे वेगळी टायमर चिप लागत नाही. ७४ मालिकेचे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळून जातात. प्रोसेसर आणि ड्युआर्ट मात्र बहुतेक वेळा जुन्या बोर्डांवरून काढलेले असतात, म्हणून दोन्ही एकाऐवजी दोन-दोन घ्या.

हाक आणि ओ

ज्यांनी डिप्लोमाला ८०८५ च्या किटवर काम केलं आहे त्यांना एक फरक आधी पक्का करावा लागेल. ८०८५ ला रेडी नावाची पिन असते, आणि ती हाय ठेवली की प्रोसेसर कोणासाठी थांबत नाही. रिकाम्या पत्त्यावरून वाचलं की बहुधा २५५ मिळतं आणि गाडी पुढे जाते, चुकीच्या वाटेने का होईना. ६८००० चा स्वभाव याच्या उलट. तो पत्ता मांडतो, ॲड्रेस स्ट्रोब म्हणजे एएस लो करतो, आणि हाकेला ओ येण्याची वाट बघतो. ही ओ म्हणजे डीटॅक पिन लो होणं. ती वेळेत आली तर बस सायकल चार क्लॉकमध्ये संपते, म्हणजे ८ मेगाहर्ट्झवर ५०० नॅनोसेकंदांत. नाही आली तर प्रोसेसर मध्ये एकेक क्लॉक घालत थांबतो, आणि या थांबण्याला त्याच्या बाजूने कसलीही मर्यादा नाही.

यावर अनेकांचा उपाय म्हणजे डीटॅक सरळ ग्राउंडला जोडणे. बोर्ड चालतो, हे खरं. पण मग ड्युआर्टसारख्या स्वतःच्या गतीने उत्तर देणाऱ्या चिपशी नीट बोलता येत नाही, आणि पत्ता चुकला तरी कळत नाही. डीटॅक ग्राउंड करायला माझी हरकत फक्त एका वेळी नसते: अगदी पहिल्या दिवशी, डेटाच्या सोळाही रेषा रेझिस्टरमधून लो धरून प्रोसेसर मोकळा पळवताना. तेव्हा त्याला सगळीकडे शून्य दिसतं, तो एक निरुपद्रवी सूचना पुन्हा पुन्हा राबवतो, आणि ॲड्रेस रेषा काउंटरसारख्या मोजत जाताना स्कोपवर दिसतात. ते पाहून झालं की ती वायर काढून टाका.

पायरी १: पत्त्यांची वाटणी, खरी ओ देणारी

६८००० चा पत्ता २४ बिटांचा, म्हणजे १६ एमबी. वरच्या तीन रेषा, ए२१ ते ए२३, एका ७४एलएस१३८ ला द्या. २ एमबीचे आठ भाग पडतील. भाग ० रॉम, भाग १ रॅम, भाग ७ ड्युआर्ट, बाकीचे पाच रिकामे. १३८ च्या दोन लो-एनेबलपैकी एकाला एएस जोडा आणि दुसरा ग्राउंड करा. तिसरा एनेबल, जो हाय असावा लागतो, तो आत्ता मोकळा सोडू नका. पायरी ३ मध्ये त्याचं महत्त्वाचं काम आहे. तोवर तो हायला बांधा.

रॉम आणि रॅमच्या निवडीचे सिग्नल एका अँड गेटमधून एकत्र करा, तिथून ओपन कलेक्टर (रेषा फक्त लो करणाऱ्या, हाय न करणाऱ्या) ७४०७ मधून डीटॅकला द्या. ड्युआर्टची स्वतःची डीटॅक पिन ओपन ड्रेन, म्हणजे त्याच धाटणीची, असते, ती त्याच रेषेला जोडा. रेषेला पुल-अप, म्हणजे एरवी ती हाय ठेवणारा रेझिस्टर, २.२ किलोओहमचा. या आकड्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत, म्हणून कारण सांगतो. मी १० किलोओहम लावला होता. ५० पिकोफॅरडच्या रेषेवर त्याचा टाइम कॉन्स्टंट ५०० नॅनोसेकंद होतो, म्हणजे अख्ख्या बस सायकलएवढा. ड्युआर्टने डीटॅक सोडल्यावरही रेषा हळूहळू वर जात राहायची, आणि पुढच्या सायकलला प्रोसेसरला आधीचीच ओ ऐकू यायची. एखादा बाइट चुकायचा, तोही कधीकधी. २.२ किलोओहमला हा काळ ११० नॅनोसेकंदांवर येतो, आणि चिपला ओढावा लागणारा करंटही दोन मिलिॲम्पिअरच्या थोडाच वर राहतो.

ओ खरी असावी, यात आणखी एक मेख आहे. ६२२५६ च्या दोन चिप लावल्या की रॅम होते ६४ केबी, पण भाग आहे २ एमबीचा. नुसती भागाची निवड वापरली तर तीच ६४ केबी त्या भागात ३२ वेळा दिसेल, आणि दर वेळी डीटॅकही मिळेल. प्रोग्रॅम रॅमच्या बाहेर गेला तरी कळणार नाही, उलट तो सुरुवातीच्याच जागेवर लिहून येईल. मधल्या पाच रेषा, ए१६ ते ए२०, सगळ्या शून्य असतील तरच रॅम निवडली जावी. ७४एलएस२६० मध्ये पाच इनपुटचे दोन नॉर गेट असतात, त्यातलं एक या कामाला नेमकं पुरतं. त्याचा निकाल उलटवून भाग १ च्या निवडीशी ऑर करा. एक चिप वाढते, पण पुढे टाइमआउट वापरून रॅम मोजायची असेल तर हिच्याशिवाय ते जमत नाही.

पायरी २: बस टाइमआउट

एक ७४एचसी३९३ घ्या. त्यात चार बिटांचे दोन काउंटर असतात. पहिल्याला प्रोसेसरचा क्लॉक द्या, पहिल्याचा शेवटचा आउटपुट दुसऱ्याच्या क्लॉकला जोडा. या चिपची क्लिअर पिन हाय असली की काउंटर शून्यावर धरून ठेवते, आणि एएस ही बस सायकल चालू नसताना हायच असते. म्हणून एएस सरळ दोन्ही क्लिअर पिनना जोडा. मध्ये एकही गेट नको. सायकल सुरू झाली की मोजणी सुरू, संपली की शून्य.

दुसऱ्या काउंटरचा तिसरा आउटपुट ६४ क्लॉकनंतर हाय होतो. तो इन्व्हर्टरमधून प्रोसेसरच्या बस एरर पिनला द्या. ८ मेगाहर्ट्झवर ६४ क्लॉक म्हणजे ८ मायक्रोसेकंद. बस एरर मिळाल्यावर प्रोसेसर सायकल सोडतो, एएस हाय होतो, काउंटर शून्य होतो आणि बस एररही आपोआप सुटते. दोन्ही चिप मिळून ब्रेडबोर्डवर अर्ध्या तासाचं काम.

६४ च का? टाइमआउट सगळ्यात हळू, पण प्रामाणिक उत्तरापेक्षा मोठा हवा. टीएएस ही सूचना वाचणं आणि लिहिणं एकाच सायकलमध्ये करते आणि तेवढा वेळ एएस सोडत नाही. तिला किमान १० क्लॉक लागतात. डीटॅकऐवजी व्हीपीए या दुसऱ्या पिनवर उत्तर आलं तर प्रोसेसर सायकल ई या आपल्या हळू क्लॉकशी जुळवून घेतो. ई चा एक फेरा १० क्लॉकचा असतो, म्हणून नेमक्या वाईट क्षणी सुरुवात झाली तर अशी सायकल वीसेक क्लॉकपर्यंत लांबू शकते. १६ चा आउटपुट घेतला तर कधी चालेल कधी नाही, आणि असा दोष शोधणं फार त्रासाचं. ३२ ला गुंजाइश कमी. ६४ निवांत आहे. पुढे कधी हळू उपकरण जोडलं तर शेजारचाच १२८ चा आउटपुट मोकळा आहे.

बस एररच्या वायरीत एक जंपर ठेवा. डीटॅक हाताने रोखून एकेक सायकल पाहायची वेळ येते, तेव्हा टाइमआउट बंद करावा लागतो.

आता हॉल्ट पिनवर इन्व्हर्टरमधून एक लाल एलईडी लावा. ही पिन दुतर्फी असते: रिसेटच्या वेळी आपण ती लो करतो, पण प्रोसेसर स्वतः कायमचा थांबला तर तोही ती लो करतो. हे घडतं दुहेरी चुकीने, म्हणजे एका बस एररची माहिती स्टॅकवर ठेवतानाच दुसरी बस एरर आली तर, किंवा रिसेटनंतर पहिले पत्ते वाचतानाच आली तर. याचाच उपयोग करून एकही ओळ कोड न लिहिता टाइमआउट तपासता येतो. रॉमची डीटॅककडे जाणारी वायर काढा आणि पॉवर द्या. रिसेटच्या वेळात लाल दिवा लागेल (पॉवर आल्यावर रिसेट आणि हॉल्ट दोन्ही किमान १०० मिलिसेकंद लो धरायचे असतात), आणि रिसेट सुटल्यावरही तो लागलेलाच राहील. प्रोसेसरने पत्ता ० वर हाक मारली, ओ आली नाही, ८ मायक्रोसेकंदांनी बस एरर आली, आणि तो थांबला. वायर परत लावली की रिसेटनंतर दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर स्टॅकचा पहिला पत्ता पाहा. तो रॅमबाहेरचा असेल तर पुढची कुठलीही चूक दुहेरी होते. आपल्या वाटणीत रॅम २ एमबीपासून ६४ केबी आहे, म्हणून सुरुवातीचा स्टॅक २ एमबी अधिक ६५,५३६ इथे ठेवायचा.

एक खबरदारी: बस एरर आणि हॉल्ट दोन्ही एकदम लो झाले तर प्रोसेसर त्याचा अर्थ 'हीच सायकल पुन्हा कर' असा घेतो. हॉल्टला नीट पुल-अप नसेल आणि तो गोंगाटाने खाली जात असेल, तर चूक सापडण्याऐवजी तीच हाक पुन्हा पुन्हा मारली जाते.

बस एररचा हँडलर

हँडलर म्हणजे चूक किंवा इंटरप्ट आल्यावर चालणारं रूटीन, आणि व्हेक्टर म्हणजे त्याचा पत्ता ठेवायची ठरलेली जागा. बस एररचा व्हेक्टर क्रमांक २. व्हेक्टरचा पत्ता म्हणजे क्रमांकाची चौपट, म्हणून ८. हँडलरमध्ये शिरताना ६८००० स्टॅकवर १४ बाइट ठेवतो. सगळ्यात वर एक शब्द: त्याच्या खालच्या तीन बिटांत फंक्शन कोड (सायकल कोणत्या प्रकारची होती ते), आणि बिट ४ मध्ये वाचत होता की लिहीत होता ते. त्यानंतर चार बाइटांत ज्या पत्त्यावर हाक मारली तो पत्ता. मग चालू सूचनेचा शब्द, मग स्टेटस रजिस्टर, शेवटी प्रोग्रॅम काउंटर. हँडलरने हा पत्ता टर्मिनलवर छापावा, एवढं पहिल्या दिवसासाठी पुष्कळ झालं. प्रोग्रॅम काउंटरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो चूक करणाऱ्या सूचनेच्या २ ते १० बाइट पुढे गेलेला असू शकतो. खरी सूचना लिस्टिंगमध्ये थोडं मागे जाऊन शोधायची.

इथून आरटीई, म्हणजे हँडलरमधून परतण्याची सूचना, वापरून परत जाता येत नाही. नेहमीच्या चौकटीपेक्षा ८ बाइट जास्त आहेत, आणि ते काढून टाकले तरी अर्धवट झालेली सूचना पुन्हा धरायला लागणारी माहिती ६८००० कडे नसते. ही उणीव ६८०१० मध्ये भरून निघाली. आपल्याला परतायचंच असेल, उदाहरणार्थ रॅम किती आहे ते मोजताना, तर वेगळी रीत आहे. तपासणीआधी स्टॅक पॉइंटर आणि परतीचा पत्ता रॅममधल्या ठरलेल्या जागी ठेवा, आणि मोजणी चालू असल्याची खूण म्हणून एक झेंडा वर करा. हँडलरने तो झेंडा दिसला की स्टॅक पॉइंटर जुन्या जागी आणून सरळ त्या पत्त्यावर उडी मारावी. मोजणी चालू नसेल तर झेंडा खाली, आणि हँडलर नेहमीसारखा चूक छापतो.

एक विचित्र प्रसंग ध्यानात ठेवा. ६८००० पुढचे शब्द आधीच आणून ठेवतो. कोड रॅमच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत भरला असेल, तर तो राबवताना प्रोसेसर रॅमच्या पलीकडचा शब्द मागतो आणि बस एरर येते, जरी तुमच्या प्रोग्रॅमने तिकडे कधी जायचं ठरवलं नसलं तरी. शेवटी काही शब्द मोकळे सोडा.

पायरी ३: इंटरप्ट

६८००० ला इंटरप्टच्या सात पातळ्या असतात आणि त्या आयपीएल ० ते २ या तीन पिनांवर येतात. एक ७४एलएस१४८ लावा. त्याचे इनपुट आणि आउटपुट दोन्ही लो-चालू असल्यामुळे आउटपुट सरळ आयपीएल पिनांना जातात. वापरात नसलेले इनपुट हायला बांधा. ड्युआर्टची इंटरप्ट पिन ओपन ड्रेन आहे; तिला पुल-अप देऊन इनपुट ४ वर आणा. इनपुट ७ वर एक बटण, त्यावर पुढे येतो.

रिसेटनंतर प्रोसेसरचा मास्क ७ असतो, म्हणजे सातवी पातळी सोडून सगळे इंटरप्ट बंद. पातळी ४ चा इंटरप्ट यायला मास्क ३ किंवा त्याखाली हवा. इंटरप्ट मान्य करताना प्रोसेसर एक खास बस सायकल करतो, तिला ॲक्नॉलेज म्हणतात. तिन्ही फंक्शन कोड पिना हाय होतात, ए१ ते ए३ वर पातळीचा आकडा येतो, आणि ए४ पासून वरच्या सगळ्या ॲड्रेस रेषा हाय. इथेच बहुतेक घरगुती बोर्ड फसतात. वरच्या सगळ्या रेषा हाय म्हणजे आपल्या वाटणीत भाग ७, म्हणजे ड्युआर्ट! १३८ बिचारा ड्युआर्टला साधी वाचायची सायकल समजून निवडतो.

पुढचा योगायोग मला कागदावर बिट मांडल्यावरच दिसला. ड्युआर्टच्या रजिस्टर निवडीच्या चार पिना ए१ ते ए४ ला जोडलेल्या असतात. पातळी ४ असेल तर ए४, ए३, ए२, ए१ वर येतं १, १, ०, ०, म्हणजे रजिस्टर १२. आणि रजिस्टर १२ हेच ड्युआर्टचं इंटरप्ट व्हेक्टर रजिस्टर! त्यामुळे ॲक्नॉलेजची वायर जोडलीच नसेल तरी पातळी ४ वर सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. मग एक दिवस आपण ड्युआर्ट पातळी ५ वर हलवतो, रजिस्टर १३ म्हणजे इनपुट पोर्ट व्हेक्टर म्हणून वाचला जातो, आणि प्रोसेसर भलतीकडे उडी मारतो. पातळी ६ वर तर रजिस्टर १४ वाचलं जातं, आणि ते वाचणं म्हणजे टायमर नव्याने सुरू करण्याची आज्ञा. चुकीची जोडणी एका पातळीवर बरोबर दिसते, म्हणूनच ती इतकी टिकते.

उपाय सोपा. तीन फंक्शन कोड पिना एका तीन इनपुटच्या नँड गेटला द्या. त्याचा आउटपुट एरवी हाय आणि ॲक्नॉलेजच्या वेळी लो. तो पहिल्या १३८ च्या त्या राखून ठेवलेल्या हाय-एनेबलला जोडा, म्हणजे ॲक्नॉलेजच्या वेळी एकही उपकरण चुकून निवडलं जाणार नाही. तोच आउटपुट दुसऱ्या ७४एलएस१३८ च्या लो-एनेबलला द्या, सोबत दुसऱ्या लो-एनेबलवर एएस, आणि इनपुटला ए१ ते ए३. आता याचे आउटपुट १ ते ७ म्हणजे सात पातळ्यांची वेगवेगळी ॲक्नॉलेज. चौथा आउटपुट ड्युआर्टच्या ॲक्नॉलेज पिनला. सातवा व्हीपीए पिनला, म्हणजे बटणासाठी प्रोसेसर स्वतःच ठरलेला व्हेक्टर वापरेल: ऑटोव्हेक्टर २५ ते ३१ असतात, पातळी ७ चा ३१.

बाकीच्या पातळ्यांना उत्तर देऊ नका. इथे पायरी २ चं काम दिसतं. ॲक्नॉलेजला कोणीच ओ दिली नाही तर टाइमआउट त्याच ८ मायक्रोसेकंदांनी बस एरर देतो, पण प्रोसेसरला ठाऊक असतं की ही ॲक्नॉलेजची सायकल होती, म्हणून तो व्हेक्टर २ ऐवजी २४ घेतो. हा खोट्या इंटरप्टचा व्हेक्टर. आणि ड्युआर्टने ओ दिली, पण त्याच्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये आपण काही लिहिलंच नव्हतं, तर रिसेटनंतर त्यात १५ असतं, आणि १५ हा न भरलेल्या व्हेक्टरसाठीच राखलेला आहे.

म्हणून २, १५ आणि २४ यांना तीन वेगळे हँडलर द्या आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर छापायला लावा. २ म्हणजे साध्या हाकेला कोणी नव्हतं. १५ म्हणजे चिप जिवंत आहे, आपण तिला व्हेक्टर द्यायला विसरलो. २४ म्हणजे इंटरप्ट उठला पण त्याची जबाबदारी कोणी घेतली नाही: वायर तुटली असेल, चुकीची पातळी लावली असेल, किंवा उपकरणाने विनंती मध्येच मागे घेतली असेल. तिन्ही एकाच 'काहीतरी चुकलं' वर पाठवणारे बोर्ड मी पाहिले आहेत. अशाने हातात आलेली माहिती आपणच फेकून देतो.

सातव्या पातळीचं बटण ऐच्छिक वाटेल, पण लावाच. बस टाइमआउट न आलेली ओ पकडतो. स्वतःभोवती फिरणारा प्रोग्रॅम त्याला सापडत नाही, कारण त्याच्या प्रत्येक हाकेला ओ मिळतच असते. पातळी ७ मास्कने अडवता येत नाही, म्हणून कुठल्याही चक्रातून हे बटण मॉनिटरमध्ये, म्हणजे बोर्ड तपासायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, परत आणतं. बटणाचा थरकाप घालवून ते एका ७४एचसी७४ च्या फ्लिपफ्लॉपला सेट करू द्या, आणि ॲक्नॉलेजच्या सातव्या आउटपुटने तो फ्लिपफ्लॉप क्लिअर करा.

पायरी ४: टायमर, आधी इंटरप्टशिवाय

ड्युआर्टला ३.६८६४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. सोळाने भागल्यावर २,३०,४०० हर्ट्झ. टायमर मोडमध्ये चिप चौकोनी लहर काढते आणि तिच्या एका पूर्ण फेऱ्याला भरलेल्या आकड्याच्या दुप्पट क्लॉक लागतात. सेकंदाला १०० टिक (टायमरचे ठोके) हवे असतील तर २,३०,४०० भागिले २०० म्हणजे ११५२. तो दोन बाइटांत भरायचा: वरचा ४, खालचा १२८. दुप्पट विसरून २३०४ भरला तर घड्याळ निम्म्या वेगाने चालतं. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची एकदा होते.

रजिस्टरचा पत्ता म्हणजे ड्युआर्टचा मूळ पत्ता अधिक रजिस्टर क्रमांकाची दुप्पट अधिक १. ही ८ बिटांची चिप डेटाच्या खालच्या आठ रेषांवर आहे, म्हणून सगळे पत्ते विषम. रजिस्टर ६ मध्ये ४, रजिस्टर ७ मध्ये १२८ लिहा. रजिस्टर ४ मध्ये ११२ लिहा. याने टायमर मोड आणि सोळाने भागलेला क्रिस्टल निवडला जातो. सावधान: याच रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट सिरियल पोर्टच्या गतींचा संच ठरवतो. तुम्ही १९,२०० वर बोलत असाल तर तो बिट १ हवा, म्हणजे ११२ ऐवजी २४० लिहायचं. नाहीतर टायमर सुरू होताच टर्मिनलवर कचरा दिसू लागेल, कारण त्याच कोडचा अर्थ दुसऱ्या संचात ३८,४०० असा आहे. ९,६०० दोन्ही संचांत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

इंटरप्टला हात लावण्याआधी लहर डोळ्यांनी पाहा. रजिस्टर १३ मध्ये ४ लिहा, म्हणजे टायमरचा आउटपुट ओपी३ पिनवर येतो. तिथे तो ओपन ड्रेन असतो, पुल-अप लावा. मग रजिस्टर १४ वाचा. वाचणं हीच सुरू करण्याची आज्ञा. स्कोपवर १० मिलिसेकंदांचा फेरा दिसला पाहिजे. स्कोप नसेल तर फ्रिक्वेन्सी मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. इथे १०० दिसले की पुढची कुठलीही चूक टायमरची नाही, हे पक्कं.

वाचून आज्ञा देणाऱ्या या रजिस्टरांमुळे एक सवय लावून घ्यावी लागते: मॉनिटरमधून ड्युआर्टच्या पत्त्यांचा डंप (सगळी मूल्यं ओळीने छापणं) काढायचा नाही. डंप करताना १४ आणि १५ दोन्ही वाचली जातात, आलेलं अक्षर गिळलं जातं, आणि आपण केवळ बघत होतो असं वाटत असताना बोर्डाची अवस्था बदललेली असते.

पायरी ५: टायमरचा इंटरप्ट

क्रम पाळा. व्हेक्टर ६४ च्या जागी, म्हणजे पत्ता २५६ वर, हँडलरचा पत्ता. व्हेक्टर रॉममध्ये असतील तर रॉमने रॅममधल्या तक्त्यातून उडी मारावी. मग रजिस्टर १२ मध्ये ६४. मग रजिस्टर १५ एकदा वाचून आधीचा साचलेला इंटरप्ट पुसा. मग रजिस्टर ५ मध्ये ८, म्हणजे फक्त टायमरचा इंटरप्ट चालू. सगळ्यात शेवटी प्रोसेसरचा मास्क ३ वर.

हँडलर छोटा ठेवा: रॅममधल्या ३२ बिटांच्या आकड्यात एक मिळवा, रजिस्टर १५ ला टेस्ट करा, आरटीई. रजिस्टर १५ वाचल्याने टायमर मोडमध्ये टायमर थांबत नाही, फक्त इंटरप्टची खूण पुसली जाते. ती पुसली नाही तर हँडलर संपताच लगेच पुन्हा सुरू होतो आणि मुख्य प्रोग्रॅम जागचा हलत नाही. हिशोब करू: इंटरप्टमध्ये शिरायला ४४ क्लॉक, मिळवायला २८, टेस्टला १६ आणि ड्युआर्टने जे थांबवलं ते, परत यायला २०. सगळे मिळून ११० च्या आसपास. दोन टिकांमध्ये ८०,००० क्लॉक असतात. एकही रजिस्टर जपून ठेवावं लागत नाही.

सिरियलचाही इंटरप्ट चालू केलात तर दोन्ही एकाच पिनवर येतात. रजिस्टर ५ वाचलं की कारणं कळतात, पण त्यात बंद ठेवलेलीही कारणं दिसतात. आणि काय चालू ठेवलं आहे ते चिपमधून वाचता येत नाही, कारण तोच क्रमांक लिहिताना मास्क आणि वाचताना स्थिती असतो. मास्कची एक प्रत रॅममध्ये ठेवा आणि दोन्हींचा अँड करून मगच ठरवा. इंटरप्ट फार वेळ बंद ठेवू नका: ड्युआर्टचा साठा तीन अक्षरांचा, शिवाय एक येत असलेलं. ९,६०० वर चार अक्षरं म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या थोडं वर. त्याहून जास्त अडवलं तर अक्षरं हरवतात.

पायरी ६: सॉफ्टवेअरचा टाइमआउट

आता टिक आहेत, म्हणून दुसऱ्या जातीचं थांबणंही आवरता येतं. हार्डवेअरचा टाइमआउट सांगतो की त्या पत्त्यावर कोणी नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मात्र तिथे असतं, वाचल्यावर ओ देतं, आणि आपण कामात असल्याचा बिट दाखवत राहतं. तिथे बस एरर कधीच येणार नाही. सुरू करतानाचा टिक लक्षात ठेवा, फिरताना आत्ताच्या टिकमधून तो वजा करा, आणि फरक मर्यादेपेक्षा मोठा झाला की चूक परत द्या. 'आत्ता अधिक मर्यादा' काढून तुलना करू नका. ३२ बिटांचा आकडा १०० हर्ट्झवर ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. चिन्हरहित वजाबाकी तिथेही बरोबर उत्तर देते, बेरीज देत नाही.

मर्यादेत एक टिक जास्त धरा. आत्ताचा टिक संपायला आला असेल तर 'एक टिक' म्हणजे प्रत्यक्षात काही मायक्रोसेकंदही असू शकतात. आणि हे फिरणं इंटरप्ट बंद असताना कधीही करू नका. टिक पुढे सरकणारच नाहीत, आणि टाइमआउट असूनही बोर्ड कायमचा अडेल.

टिक वाचताना ३२ बिटांची एकच मूव्ह वापरा. ती दोन बस सायकलची असली तरी ६८००० इंटरप्ट दोन सूचनांच्या मध्येच घेतो, म्हणून आकडा अर्धवट वाचला जात नाही. तास-मिनिटं वेगळ्या जागी ठेवली असतील तर ही हमी नाही. तिथे दोनदा वाचून सारखं येईपर्यंत पाहा.

शेवटची चाचणी

टायमर चालू, सिरियलवर दुसऱ्या संगणकावरून ९,६०० ने सलग मजकूर येतोय, आणि मुख्य प्रोग्रॅम रिकाम्या भाग ३ मधला एक पत्ता पुन्हा पुन्हा वाचून बस एररमधून परत येतोय, अशी जुळणी करून बोर्ड तासभर सोडा. मध्येमध्ये बटण दाबा आणि मॉनिटरमधून परत पुढे चालू करा. मॉनिटरमध्ये मास्क ३ वरच ठेवा, म्हणजे टिक चालू राहतील. तासाने तीन गोष्टी पाहा. आलेल्या मजकुरात एकही अक्षर कमी नसावं. व्हेक्टर २४ चा हँडलर एकदाही आलेला नसावा. आणि टिकांचा आकडा ३,६०,००० च्या जवळ असावा: क्रिस्टलची चूक १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १००, धरली तरी तासाला फरक ०.३६ सेकंदांचा, म्हणजे ३६ टिक. शेकड्यांनी टिक कमी भरले तर क्रिस्टल निर्दोष आहे, कोणीतरी १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ इंटरप्ट अडवून बसलंय. पहिला संशय अक्षर छापणाऱ्या रूटीनवर घ्या. मास्क ७ करून टर्मिनल मोकळं होण्याची वाट बघणारी ओळ बहुतेक तिथेच सापडते.